मोनाच्या वह्यांतलं अक्षर

पेठ वडगावच्या त्या गल्लीत लग्न ठरलं आणि पत्रिका छापून आल्या की पहिली पत्रिका देवापुढं ठेवतात आणि बाकीचा गठ्ठा वर्षाराणी चौगुलेच्या घरी येतो. पत्रिकांवर नावं घालायची असतात. साधं घर असेल तर तीनशे, भावकी मोठी असेल तर आठशे-हजार. वर्षाराणी पैसे घेत नाही. कुणी ब्लाउजपीस देतं, कुणी लग्नानंतर बुंदीचा पुडा पाठवतं. नाव घातलेली पत्रिका हातात पडली की माणूस आधी आपलं नाव बघतो, आत काय छापलंय ते नंतर. त्यामुळे गल्लीत या कामाला मान आहे.

हे अक्षर तिला वडिलांकडून मिळालं. कुरुंदवाडचे आकाराम पेंटर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर नावं रंगवायचे. ते खडूनं अक्षरं आखून द्यायचे, आत रंग भरायला वर्षाराणी बसायची. दहाव्या वर्षापर्यंत तिचं वळण पक्कं झालं होतं. बारावीनंतर लग्न झालं. नवरा कृष्णात दुधाचा टेम्पो चालवतो. गावोगावच्या संस्थांतले कॅन भरून वारणानगरला पोचवतो. घरात सासू शालूबाई, गोठ्यात दोन म्हशी आणि एकुलती मुलगी मोना.

मोना बोलायला लवकर लागली. कुठल्या म्हशीला कधी रेडकू झालं, कुणाच्या लग्नात कोण कुणावर रुसलं, हे तिला तारखेनिशी आठवायचं. लिहिणं मात्र जमत नव्हतं. फळ्यावरचं एक वाक्य वहीत उतरायला तिला अर्धा तास लागायचा आणि उतरलेलं वाक्य तिलाच वाचता यायचं नाही. प्राथमिक शाळेतल्या बाईंनी चौथीच्या प्रगतिपुस्तकात शेरा दिला होता : 'हुशार, पण लेखनाचा आळस.' आळस घालवायला त्यांनी तिच्या बोटांवर पट्टीही चालवून पाहिली.

पाचवीत मोना हायस्कूलला गेली ती फक्त कागदावर. लॉकडाऊन लागलं होतं. शाळेनं व्हॉट्सअॅपवर गट केला. मास्तर प्रश्न पाठवायचे आणि मुलांनी उत्तरं लिहून वहीच्या पानाचा फोटो टाकायचा. रोज सकाळी नऊला कुणाचा फोटो आला आणि कुणाचा नाही, याची यादी गटावर पडायची. चाळीस पालक ती यादी वाचायचे. पहिल्या आठवड्यात मोनाचं नाव सलग चार दिवस 'न आलेल्यां'त होतं. पाचव्या दिवशी वर्षाराणीनं ते पान स्वतः लिहिलं आणि फोटो काढून पाठवून दिला. सरांनी शाबासकीच्या अंगठ्याचं चिन्ह टाकलं. खाली लिहिलं, 'सुंदर अक्षर. इतरांनी आदर्श घ्यावा.'

शाळा पुन्हा भरली तेव्हा हायस्कूलच्या शिक्षकांना मोनाचं अक्षर म्हणून जे ठाऊक होतं ते तिच्या आईचं होतं. ते बदलण्याची वेळ कधी आली नाही. पहाटे साडेपाचला धारा काढून झाल्या की वर्षाराणी चुलीजवळ पाट मांडायची आणि आदल्या दिवसाचा अभ्यास लिहून काढायची. उत्तरं पुस्तकातून शोधायची, जुळवायची, आकृत्या काढायची. शालूबाईंना वाचता येत नाही. सून काहीतरी बचत गटाचं लिहीत असेल, असं त्या पाच वर्षं समजत होत्या.

वर्गात मोना थोडंफार खरडायची. घटक चाचणीत वीसपैकी तीन-चार पडायचे. पण वह्या, प्रकल्प, उपक्रम यांचे गुण भरभरून मिळायचे आणि वर्ष निघून जायचं. आठवीत शाळेनं 'आदर्श वही' स्पर्धा घेतली. मोनाच्या इतिहासाच्या वहीला पहिला क्रमांक मिळाला. मुख्याध्यापक विजयसिंह माने यांनी ती वही वर्गावर्गांतून फिरवली. प्रमाणपत्राला फ्रेम करून कृष्णातनं ती सोप्यात लावली आणि फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. संस्थांवर कॅन भरताना तो सांगायचा, "अक्षर आज्यावर गेलंय पोरीचं."

नववीच्या वार्षिक परीक्षेत मोनानं मराठीच्या पेपरात दोन पानं लिहिली. वर्गशिक्षकांनी विचारलं तेव्हा वर्षाराणी म्हणाली, ताप होता. मोना कशीबशी वर ढकलली गेली. दहावीच्या परीक्षेच्या खोलीत आई बसू शकत नाही, हे वर्षाराणीला ठाऊक होतंच. आता ते नऊ महिन्यांवर आलं होतं.

त्या जूनमध्ये शाळेच्या पालकसभेला तालुक्याच्या एक विशेष शिक्षिका आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की काही मुलांना लिहिण्या-वाचण्याचीच अडचण असते, त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात, त्याचा बुद्धीशी संबंध नसतो. अशा मुलांना दहावीला लेखनिक मिळतो : मुलानं तोंडानं सांगायचं, खालच्या इयत्तेतल्या दुसऱ्या मुलानं लिहायचं. वेळही जादा मिळतो. त्यासाठी कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाचा दाखला लागतो आणि शाळेमार्फत बोर्डाकडे प्रस्ताव जावा लागतो. शाळेनं प्रस्तावासाठी ऑक्टोबरअखेरची मुदत दिली होती. सभेतून बाहेर पडणाऱ्या बायकांत वर्षाराणी शेवटची होती. तिनं शिक्षिकेकडून कागदांची यादी लिहून घेतली.

जुलै-ऑगस्टमध्ये ती मोनाला घेऊन सहा वेळा एसटीनं कोल्हापूरला गेली. डोळे झाले, कान झाले, बुद्ध्यांकाची चाचणी झाली. ती चांगली आली. शेवटची तपासणी रुग्णालयातल्या मानसतज्ज्ञ मधुवंती मॅडमकडे होती. येताना शाळेचा अहवाल आणि मुलीच्या वह्या आणा, असं त्यांनी सांगितलं होतं.

वर्षाराणीनं आदल्या दिवशी वह्या निवडल्या. सरकारी माणसापुढं जायचं तर चांगलं तेच न्यायचं, इतकाच विचार तिनं केला. लग्नाला जाताना ठेवणीतलं लुगडं काढावं तशी तिनं बक्षिसाची वही वर ठेवली, खाली विज्ञानाची आणि भूगोलाची, तिन्हींना नवी खाकी कव्हरं घातली. मोनाच्या हातची वर्गातली फाटकी वही घरीच राहिली.

त्या सकाळी मोनानं मधुवंती मॅडमसमोर चाळीस मिनिटांत चार ओळी लिहिल्या होत्या. तो कागद टेबलावर होता. शेजारी मॅडमनी वही उघडली. पानं उलटली. मग पुन्हा त्या कागदाकडं पाहिलं.

"या वह्या मोनाच्या आहेत?"

"व्हय मॅडम."

"तिनं स्वतः लिहिल्यात?"

"व्हय की. बक्षीस हाय त्या वहीला."

"मोना, तू लिहिलीस ही?"

मोना आईकडं बघत म्हणाली, "मम्मी सांगत्या तसंच."

शाळेच्या अहवालातही तेच होतं. लेखन : उत्तम. अक्षर : सुवाच्य, वळणदार. वर्गकार्य : समाधानकारक. मधुवंती मॅडमनी आणखी दोन चाचण्या घेतल्या आणि कागदावर लिहिलं : 'चाचणीतील लेखन आणि वह्यांतील लेखन यांत मोठी तफावत. मुलीने चाचणीत पूर्ण प्रयत्न केला किंवा नाही, याविषयी शंका. शाळेकडून खुलासा मागवावा. फेरतपासणी ऑक्टोबर.' समोर जे पुरावे होते त्यांवरून दुसरं काही लिहिणं कठीण होतं.

परतीच्या गाडीत मोनानं विचारलं, "मी मुद्दाम वंगाळ लिहिलं असं म्हणत्यात व्हय त्या?"

"तसं न्हाय."

"मग काय?"

वर्षाराणीनं तिकीट घडी करून पर्समध्ये ठेवलं.

घरी सांगावं लागलं, कारण खुलाशासाठी शाळेत जायचं म्हणजे गावात चर्चा होणारच होती. कृष्णात जेवत होता. त्यानं पूर्ण ऐकलं. घास संपवला.

"पाचवीपास्नं?"

"व्हय."

"समद्या वह्या?"

"समद्या."

"आणि मी गावभर सांगत फिरतोय, अक्षर आज्यावर गेलंय." त्यानं फ्रेमकडं पाहिलं. "आज्याच्या लेकीचंच हुतं की."

"अवो, पोरीला मारत हुती शाळंत. नाव पडत हुतं रोज गटावर."

"नाव पडत हुतं तर पडू द्यायचं. आता बोर्डात कुणाचं पडनार हाय? तुजं?"

शालूबाई भाकरी थापत होत्या. मागं न वळता म्हणाल्या, "सकाळच्या पारी लिव्हायचीस ते हे व्हय? मला वाटलं गटाचं हप्तं." मग थोड्या वेळानं : "पोरीला कधी इचारलंस, तुला काय येतंय म्हनून?"

कृष्णातनं उठून फ्रेम काढली आणि कपाटावर उलटी ठेवली. पुढं कित्येक महिने तो बायकोशी कामापुरतंच बोलला. दाखल्याला मात्र त्यानं विरोध केला नाही. एवढंच म्हणाला, "तूच गुतवलंयस, तूच सोडव."

मुख्याध्यापक माने सरांच्या टेबलावर काच आहे. काचेखाली वेळापत्रक, संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो आणि त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या एका लग्नाची आलेली पत्रिका. वर्षाराणीनं पिशवीतून, गेल्या वर्षी तिनं नावं घातलेल्या पण वाटायच्या राहिलेल्या चार पत्रिका काढल्या आणि मोनाच्या वहीशेजारी ठेवल्या.

"सर, हे अक्षर बघा. आणि हे."

माने सरांनी चष्मा लावला. वही पाहिली, पत्रिका पाहिली. मग काचेखाली नजर गेली. तिथं 'मा. विजयसिंह माने सर, सहकुटुंब, सहपरिवार' असं निळ्या शाईत लिहिलेलं होतं. त्यांनी बोटानं 'स' गिरवला.

"म्हणजे हे बी तुम्हीच?"

"व्हय सर."

"मला वाटलं, नवरदेवाच्या चुलत्यानं घातलंय. मी त्याचं कौतुक केलं हुतं मांडवात." ते हसले नाहीत. "बाई, तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय दाखवताय मला?"

"मोनाला लिव्हायला येत न्हाय सर. कधीच येत नव्हतं. तेवढं एका कागदावर द्या."

"हळू बोला, बाहेर क्लार्क बसलाय." त्यांनी दार लोटून घेतलं. "मी असं लिहून दिलं, तर पहिला प्रश्न येणार, पाच वर्षं वह्या कुणी तपासल्या? गुण कशाचे दिले? बक्षीस कुणाला दिलं? सात शिक्षकांना नोटिसा निघतील. मला पहिली."

"आणि न्हाय दिलं तर पोरगी नापास हुईल."

"दरसाल तीस-चाळीस होतात. त्यांच्या आया येत न्हाईत माझ्याकडं."

शेवटी जे ठरलं ते असं. शाळा लिहील की वर्गातलं लेखन आणि घरच्या वह्या यांत तफावत 'अलीकडे निदर्शनास आली'. वह्या स्वतः लिहिल्याचा आणि शाळेला त्याची कल्पना नसल्याचा जबाब वर्षाराणीनं स्वतंत्र कागदावर द्यायचा. बक्षीस परत करायचं. तिनं तिथंच बसून जबाब लिहिला. एक पान, खाडाखोड नाही. माने सरांनी वाचला आणि सवयीनं म्हणाले, "अक्षर मात्र..." आणि थांबले. मग म्हणाले, "हाच पुरावा हाय म्हणा तुमचा."

दुसऱ्या दिवशी मोना फ्रेम घेऊन शाळेत गेली. पिशवीत मावत नव्हती, म्हणून हातात धरून नेली. वर्गात कुणी सांगितलं नव्हतं, पण मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. मुली म्हणाल्या, "तुजी मम्मी लईच हुशार हाय गं, तिलाच बसव की दहावीला." मोनानं त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

ऑक्टोबरच्या फेरतपासणीला वर्षाराणीनं फाटकी वही, शाळेचा खुलासा आणि जबाबाची प्रत नेली. मधुवंती मॅडमनी जबाब वाचून वर पाहिलं.

"मागच्या वेळीच का नाही सांगितलंत?"

"चांगल्या वह्या दाखवल्या तर चांगलं हुईल वाटलं."

मॅडमनी दाखला दिला. निघताना एक सूचना केली : "लेखनिक फक्त मोना बोलेल तेच लिहिणार. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. ती सवय वेगळी असते. आजपासून तिला सांगू द्या, दुसऱ्या कुणीतरी लिहायचं."

प्रस्ताव मुदतीच्या आदल्या दिवशी गेला. जानेवारीत मंजुरी आली : लेखनिक, जादा वेळ, वेगळी खोली. वर्षाराणीनं मंजुरीच्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक देवघरात ठेवली. आता काळजीचं कारण उरलं नव्हतं.

सराव चालूच होता. रोज संध्याकाळी मोना सांगायची, वर्षाराणी लिहायची. मोना म्हणायची, "जालियनवाला बागेत लोक जमली हुती, आणि..." तोवर आईनं पुढची दोन वाक्यं लिहिलेली असायची. मोना म्हणायची, "पाण्याचं बाष्प हुतंय, मग ते..." आणि आईचं पेन पुढं गेलेलं असायचं. वर्षाराणी हे मुद्दाम करत नव्हती. तिला उत्तरं पाठ होती. पाच वर्षं तीच लिहीत आली होती. फेब्रुवारीपर्यंत सरावाच्या चार वह्या भरल्या. एकही उत्तर अपुरं नव्हतं. रात्री कृष्णातनं एक वही चाळली आणि पहिल्यांदाच बरं बोलला, "निघंल असं वाटतंय."

पहिला पेपर मराठीचा होता. लेखनिक म्हणून शाळेनं नववीतली नंदिनी नावाची मुलगी दिली होती. शांत, नियमानं वागणारी. वेगळ्या खोलीत त्या दोघी आणि एक पर्यवेक्षक. बाहेर फाटकाशी वर्षाराणी उभी होती. इतर मुलं सुटली तरी ती निवांत होती. मोनाला जादा वेळ होता.

मोना आली तेव्हा तिच्या मागं नंदिनी होती. नंदिनीचा चेहरा उतरला होता.

"काकू, मी ती बोलली तेवढं सगळं लिहिलं," ती लांबूनच म्हणाली. "ती मधीच गप्प बसायची. मला सांगायला मनाई हाय."

वर्षाराणीनं मोनाला विचारलं, "काय झालं?"

"मी 'आणि' म्हणून थांबली," मोना म्हणाली. "ती पुढचं लिहीतच नव्हती, मम्मी."

ऐंशी गुणांच्या पेपरात अकरा उत्तरं अर्ध्यात सुटली होती. निबंधाच्या सहा ओळी झाल्या होत्या आणि सातवी 'म्हणून' या शब्दावर थांबली होती. मोना सारखी नंदिनीच्या पेनाकडं बघत राहिली, हे पर्यवेक्षकांनी नंतर माने सरांना सांगितलं. त्यांना वाटलं, मुलगी आजारी आहे.

घरी आल्यावर वर्षाराणी दुसऱ्या पेपराची वही घेऊन बसली आणि पेन उचलून पुन्हा खाली ठेवलं. मोना एक वाक्य बोलली आणि थांबली. वर्षाराणीनं तोंडावर पदर धरला, तरी मोना तिच्या डोळ्यांकडं बघत होती. असं अर्धा तास चाललं.

शालूबाई गोठ्यात धार काढत होत्या. तिथनंच ओरडल्या, "तिला हिकडं लावून दे."

"आत्ती, तुमास्नी काय कळनार त्यातलं?"

"म्हनूनच म्हन्ते."

मोना गोठ्यात जाऊन उलट्या घातलेल्या बादलीवर बसली. शालूबाईंना पुस्तकातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्या पुढचं वाक्य पुरवू शकत नव्हत्या. त्या फक्त विचारायच्या, "मग?" मोना गप्प राहिली की त्याही गप्प. म्हशीच्या आचळातून धारा पडण्याचा आवाज तेवढा यायचा. पाच मिनिटांनी त्या परत म्हणायच्या, "मग? गेली कुटं तुजी ती वाफ?" पहिल्या दिवशी मोनानं एक उत्तर पुरं केलं. पेपर संपेपर्यंत रोज दोन-तीन होऊ लागली. बाकीचं शिकायला वेळ नव्हता.

मे महिन्यात निकाल लागला. मराठी, इंग्रजी आणि गणित राहिलं. सवलतीचे गुण धरूनही राहिलं. विज्ञान जेमतेम निघालं. शेवटी झालेल्या इतिहास-भूगोलात अठ्ठेचाळीस मिळाले. कृष्णातनं निकालाची प्रिंट दोनदा पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "हे अठ्ठेचाळीस तिचंच ना?"

"तिचंच," वर्षाराणी म्हणाली.

पुरवणी परीक्षेचा अर्ज भरला आहे. लेखनिकाची सवलत कायम आहे, पण नंदिनी आता दहावीत गेली. त्यामुळे दुसरी मुलगी शोधावी लागेल आणि शाळेनं अजून नाव कळवलेलं नाही. माने सर निवृत्त झाले. 'आदर्श वही' स्पर्धा बंद झाली. मोना म्हणते, तीन विषय निघाले नाहीत तर ती शिवणक्लासला जाणार. कुणी तिला नाही म्हटलेलं नाही.

जूनच्या एका संध्याकाळी वर्षाराणी सोप्यात बसून गल्लीतल्या एका लग्नाच्या पत्रिकांच्या पाकिटांवर नावं घालत होती. तीनशे वीस नावं होती, मुहूर्ताला बारा दिवस होते. गोठ्यातून मोनाचा आवाज येत होता. ती आजीला मराठीच्या धड्यातला एक प्रसंग सांगत होती. दोन वाक्यं सांगून झाली आणि ती थांबली.

"मग?" शालूबाई म्हणाल्या.

काही ऐकू आलं नाही. वर्षाराणीला पुढचं वाक्य ठाऊक होतं. त्याच्या पुढचंही. ती पेन हातात धरून बसली. नंतर तिनं यादीतलं पुढचं नाव पाहिलं आणि पाकीट समोर ओढलं.

"मग?" गोठ्यातून पुन्हा आलं.

वर्षाराणीनं नाव घातलं आणि पाकीट वाळायला बाजूला ठेवलं. गोठ्यात अजून शांतता होती. तिनं दुसरं घेतलं.